वंगाळ न्हाई

आमच्या अक्कानं जन्मात कशाला 'चांगलं' म्हटलं नाही. कुणाची सून चांगली नाही, कुणाचं लुगडं चांगलं नाही, देवळातला प्रसादसुद्धा नाही. म्हणजे नावं ठेवायची असंही नव्हतं. एखादी गोष्ट अगदीच मनासारखी झाली तर मान जराशी डावीकडं कलती करायची आणि म्हणायची, "वंगाळ न्हाई." नेकनूरच्या आमच्या गल्लीत यापेक्षा वरची पदवी नव्हती. मला ती मिळायला सात वर्षं लागली, आणि तेव्हाही ती माझ्या शेंगोळ्यांना मिळाली, मला नाही.

मी एकदा तिला पेचात धरायचा प्रयत्न केला होता. म्हटलं, "अक्का, वंगाळच्या उलटं काय असतंय?"

"वंगाळ न्हाई."

"आन् त्याच्याबी वर?"

"त्याच्या वर काई नसतंय. गप भाकरी थाप."

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मी नेकनूरला आले. माहेर दिंद्रुडच्या बाजूचं, घरी शेती. नवरा शाळामास्तर. राहायला जागा मिळाली ती अक्काच्या किराणा दुकानामागची खोली. अक्का लिंगायत वाण्याच्या घरातली, विधवा, मूलबाळ नाही, तेव्हा असेल पस्तिशीची. बापाविना वाढणारा भाचा तिच्याकडंच होता. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. आणि पदराच्या टोकाला कायम एक सुई टोचलेली, तिच्याभोवती पांढरा दोरा गुंडाळलेला. मला वाटलं बाई शिवणकामात हुशार असणार. पुढं पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की तिनं शिवलेलं एक चिरगूटसुद्धा गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. बाहेरचं काही खाल्लं, कुणाच्या लग्नात जेवून आली, जत्रेतली शेव तोंडात टाकली, की दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या ही उंबऱ्यावर बसून सुईत दोरा ओवायची. एकदा ओवला की काढून घ्यायची आणि कामाला लागायची. आम्ही म्हणायचो, असेल काही नेम.

तिची खरी प्रसिद्धी नाकाची. नाक दिसायला मोठं असेल म्हणाल तर नाही, चिंचोक्याएवढं. पण त्या नाकानं गल्लीतल्या गड्यांची झोप उडवली होती. बाया नवऱ्याचा सदरा पदराखाली लपवून अक्काकडं आणायच्या. अक्का काखेत नाही, कॉलरपाशी नाक न्यायची.

"येलदोडा खाल्लाय. त्याच्या आधी पेरूचा पाला. त्याच्या आधी कांदा."

"आन् त्याच्या आधी, अक्का?"

"त्याच्या आधी ज्याच्यासाठी एवढं रान खाल्लं, ते."

गडी माणसं तिच्या दुकानावरून जाताना तोंडावर उपरणं धरायची. "थांब बे, तिकडून नको, अक्काचं नाक हाय," असं म्हणून चांगला वळसा घालायची. एकदा एक जण म्हणाला, "अक्का, आमी तोलून मापून घेतो, तुमी कावून एवढं मनाला लावून घेता?" अक्का उठली. दुकानाची फळी ओढून आत गेली, ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. मला वाटलं राग आला. मला तेव्हा राग आणि भीती यातला फरक कळत नव्हता. मला तेव्हा पुष्कळ गोष्टींतला फरक कळत नव्हता, हे पुढं येईलच.

अक्काच्या माहेराकडून, कर्नाटकाच्या शिवेवरून, कॉफीच्या बिया यायच्या. चहाच्या मुलुखात कॉफी पिणारं ते एकच घर. दर सोमवारी लोखंडी कढईत ती बिया भाजायची आणि वास थेट एसटी स्टँडपर्यंत जायचा. भाजताना ती बोलायची, एरवी नाही. "भाजल्याचं कडू येगळं आन् सडल्याचं कडू येगळं. भाजल्याचं जिभंवर उजळ माथ्यानं बसतंय. सडल्याचं घशाखाली जाऊन लपतंय."

"आन् अजून असतंय का एखादं?"

कढईतला झारा थांबायचा. "असतंय. त्याला वास नसतो." आणि झारा परत फिरायला लागायचा.

मी येऊन आठ दिवस झाले असतील. अक्कानं पितळी फुलपात्रात मला काळीभोर कॉफी दिली, बिनदुधाची, गुळाचा खडा टाकलेली. मी बापजन्मी कॉफी पाहिलेली नव्हती. माझ्या चुलत भावानं मात्र मला लहानपणी ज्ञान दिलेलं होतं की दारू कडू असती आणि पोटात गेल्यावर गरम लागती. हे कडूही होतं आणि गरमही होतं. घरमालकीण, देवाधर्माची बाई, नाही कसं म्हणायचं? प्याले. खोलीवर आले आणि चढायची वाट बघत भिंतीला पाठ लावून बसले. काय बावळट ध्यान असेन मी! उठले तर झोक जाईल म्हणून दोन तास उठले नाही. बोलले तर शिव्या येतील म्हणून तोंडात पदराचा बोळा धरला. शेवटी छाती इतकी धडधडायला लागली की रांगत रांगत अक्काच्या स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "अक्का, मला चढली. डोळ्यापुढं अंधारी येतीय."

मला वाटलं ती हसेल. अक्काचं तोंड चुलीतल्या राखेसारखं झालं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं, पदराची सुई काढली आणि माझ्या हातात दिली.

"ओव."

"काय?"

"दोरा ओव म्हन्ते ना!"

मी पहिल्या झटक्यात ओवला. अक्का मटकन खाली बसली. मग उठली आणि माझ्या कानाखाली अशी एक दिली की कॉफीनं नाही ते त्या चपराकीनं गरगरलं. "पुन्ना असं बोलायचं न्हाई. डोळ्याचं नाव काडायचं न्हाई."

एवढ्यावर शहाणी बाई गप बसली असती. पण मी माहेरची खोडकर म्हणून नावाजलेली. मला वाटलं, अरे, हिची तर एक कळ सापडली! पंधरा दिवसांनी सोमवारी कॉफी प्याले, फुलपात्र खाली ठेवलं, आणि दोन्ही हात पुढं करून चाचपडत चालायला लागले. "अक्का, दिसंना वो! दिवा इझला का?"

भर दुपार होती. अक्का ओरडली नाही की धावली नाही. कढई हातातून सुटली, बिया घरभर झाल्या, आणि ती भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकली. डोळे माझ्यावर होते पण मला बघत नव्हते. मी घाबरून म्हटलं, "अक्का, गंमत केली, दिसतंय, समदं दिसतंय." तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. बिया मी एकटीनं वेचल्या. मनात तिलाच नावं ठेवत वेचल्या. एवढ्याशा गमतीला एवढं काय, असं माझं मत होतं. अशा मताच्या पोरीला आज माझ्या समोर उभी करा, मी तिला दुसऱ्या कानाखाली देईन.

त्यानंतर चाळीसपेक्षा जास्त वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन अंगांना काढली. माझा नवरा रिटायर झाला, गेला. मुलं पुण्याला आणि संभाजीनगरला गेली. अक्काचा भाचा मोठा झाला, त्यानं बीडला दुकान टाकलं, त्याला मल्लिनाथ नावाचा मुलगा झाला. हा मल्लिनाथ अक्काचा जीव की प्राण. हुशार पोरगा, पुण्याला शिकला, तिथंच नोकरी लागली. कुठं, तर म्हणे कॉफीच्या कारखान्यात. अक्काला काय ते कौतुक! "आमच्या घरातली कॉफी त्यानं पुन्याला नेली," म्हणायची. घरची भाजलेली कॉफी खरंच डबे भरभरून न्यायचा तो.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

गेल्या काही वर्षांतलीच आहे. मी सदुसष्टची, अक्का ऐंशीच्या पुढं. उन्हाळ्याचे दिवस. मल्लिनाथ पुण्याहून गाडी घेऊन आला आणि सहा बाटल्या माझ्या फ्रीजमध्ये ठेवून गेला. अक्काकडं फ्रीज नव्हता. तिच्या मते त्या पेटीत वास मरतो.

"सुमनआजी, हे कॉफीचं हाय. मी चौसाळ्याला मित्राकडं जाऊन येतो. आल्यावर अक्काला दाखवायचंय. हात लावू नका बरं का."

हात लावू नका, असं त्यानं मला सांगायला नको होतं.

बाटली काळी, वर कपाचं चित्र, कपाशेजारी बिया. नातवंडांनी मला इंग्रजी अक्षरं शिकवलेली आहेत. मी बोट ठेवून ठेवून वाचलं : सी, ओ, एफ, एफ, ई, ई. कॉफी! माझा आनंद काय वर्णावा. त्याच्यापुढं अजून एक चार अक्षरी शब्द होता, पण एका दिवसाला एक शब्द पुष्कळ झाला म्हणून तो सोडून दिला. अडकित्त्यानं बूच उचकटलं. फस्स करून आवाज झाला, तपकिरी फेस आला. पेल्यात ओतून मी अर्धा पेला प्याले. गार, कडू, भाजल्याचा वास, आणि नाकात सुरसुरी. मला वाटलं उन्हात गाडीत राहून कॉफी फसफसली. पोराचा एवढा माल खराब झाला, आता अक्कालाच विचारावं. उरलेला पेला घेऊन मी तिच्याकडं गेले.

"अक्का, मल्लूची कॉफी नासली काय बघा जरा."

अक्का उंबऱ्यात बसली होती. तिनं पेला नाकाशी नेला. एकदा वास घेतला. दुसऱ्यांदा घेतला नाही.

"किती प्यालीस?"

"अर्धा पेला. का वो?"

"सुमे, ही दारू हाय."

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मी कॉफीला दारू समजून प्याले होते, आता दारूला कॉफी समजून प्याले. मला हसू यायला लागलं. पण अक्काचा हात पदराकडं गेला आणि माझं हसू जागच्या जागी वाळलं. तेच राखेसारखं तोंड. सुई निघाली.

"ओव."

माझी बोटं आता थरथरतात. तिसऱ्या खेपेला दोरा गेला. तेवढ्यात मल्लिनाथची गाडी दारात लागली.

त्यानं पेला बघितला, सुई बघितली आणि चप्पल काढायचं विसरून तिथंच उभा राहिला. मग सगळं सांगितलं. कॉफीचा कारखाना नव्हता, बिअरचा होता. तिथं तो बिअर बनवायचा, आणि ही नवी कॉफीची बिअर त्याच्या स्वतःच्या हातची होती, त्यात अक्कानं भाजलेल्या बियांच्या वासाची नक्कल करायचा त्याचा प्रयत्न होता. टाकी भरून तयार होती. उद्या सकाळी मालकाला सांगायचं होतं, बाटल्या भरायच्या की ओतून द्यायचं. "काहीतरी चुकलंय अक्का. वास कुठंतरी खटकतोय, तिथं कुनालाच सापडंना. मला तुझं नाक पायजे. तू नुसती हो म्हण नायतर न्हाई म्हण. माझ्यावर चिडायचं तर नंतर चिड."

अक्का म्हणाली, "तुझ्या आज्याला काय झालंतं, माहीत हाय?"

"ताप आलता ना."

"ताप न्हाई आलता."

मी इतकी वर्षं भिंतीपलीकडं राहिले, पण हे मलाही ठाऊक नव्हतं. अक्का उंबऱ्याकडं बघत सांगत होती. तिचा धाकटा भाऊ, वीस वर्षांचा, घरात वर्षाचं पोर. पोळ्याच्या दिवशी कुठून तरी बाटली घेऊन आला. तेव्हाही अक्काचं नाक घरात प्रसिद्ध. हसत हसत म्हणाला, अक्का, वास घेऊन सांग, चांगली हाय का? "मी म्हन्लं पिऊ नको. तर म्हनतो, तू सांग तर. पीठ मळत होते. वास घेतला. काई खटकलं न्हाई. कटकट जावी म्हनून बोलले, चांगली हाय, जा. दुसऱ्या दिवशी सकाळी सैपाकघरात आला. तोंडावर ऊन पडलंतं त्याच्या. मला इचारतो, अक्का, आज उजाडलं न्हाई का? दिवा इझला का?" तिनं माझ्या हातातली सुई घेऊन दोरा परत गुंडाळला. "दिस मावळायच्या आत गेला."

मल्लिनाथ खाली बसला. मला ऐकू येत होता तो माझाच, एकोणीस वर्षांच्या कार्टीचा आवाज. दिवा इझला का. शब्द तोच काढला होता मी.

"अक्का," मल्लिनाथ म्हणाला, "ती बनावट असती, विषारी, तिनं डोळे जातेत. ही कारखान्यातली हाय. तपासून घेतो आमी, परवाना हाय, रोज हजार मानसं पितेत."

"त्यानंबी सांगितलंतं, समदे पितेत म्हनून."

मग अक्कानं पदर ओढून गळ्यातलं लिंग झाकलं. मी म्हटलं, "अक्का, काय करताय? देवाला दिसू नये म्हनून का?"

"त्येला दिसतंयच. मलाच लाज वाटती." आणि तिनं माझा उरलेला अर्धा पेला उचलला.

मल्लिनाथनं हात धरला. "अक्का, नको. तू नुसता वास घे."

"त्या टायमाला नुसता वास घेतला मी. प्याले न्हाई. त्यो एकटा गेला." तिनं माझ्याकडं मान केली. "हिनं अर्धा पेला पोटात घातलाय. हिला एकटीला कशी जाऊ देऊ?"

आणि प्याली. देवाचं तीर्थ घ्यावं तशी नाही, औषध घ्यावं तशीही नाही. अर्धा पेला मोजून, मी जेवढा घेतला तेवढाच.

आता मला सांगा, कारखान्यातल्या बाटलीनं कुणाचे डोळे जात नाहीत, हे मला समजत होतं की नाही? समजत होतं. मास्तराची बायको मी. पण अक्काशेजारी उंबऱ्यात बसल्यावर ते समजणं कुठं टिकतंय! आम्ही दोघी म्हाताऱ्या संध्याकाळपर्यंत आळीपाळीनं सुई ओवत होतो. समोरच्या लिंबाचं पान न् पान मी बघून घेतलं. देवळाच्या झेंड्याकडं बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बारीक तिथ्या वाचल्या. एकादशी पुसट दिसली तशी उठून कॅलेंडराला नाक लावलं, आणि मग आठवलं, चष्मा घरी राहिलाय. एकदा खरंच डोळ्यांपुढं काजवे चमकल्यासारखं झालं. अक्काला सांगितलं नाही. पदराखाली तिचा हात धरून बसले. तिचा हात गार होता.

मल्लिनाथ अंगणात येरझारा घालत होता. मधेच म्हणाला, "दवाखान्यात जाऊ चला दोघीबी." अक्का म्हणाली, "त्यालाबी नेलतं. तू बस." त्या पोराच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. दोन म्हाताऱ्यांना विष पाजल्यासारखा तो झाला होता.

"भावाला सकाळी कळलं," अक्का मला म्हणाली. "सकाळपतूर काई म्हनायचं न्हाई."

ती रात्र मी तिच्याच घरी काढली. त्याबद्दल लिहीत नाही. सकाळी मला जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन थेट भिंतीवर आलं होतं. मला दिसलं, भिंतीवरचा चुन्याचा पोपडासुद्धा दिसला, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. मग शेजारी बघितलं.

अक्का अंथरुणावर उठून बसली होती. ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. आणि तिनं विचारलं, "सुमे, उजाडलं का गं?"

मल्लिनाथ दारात होता, त्यानं चौकट घट्ट धरली. मी सरपटत तिच्यापुढं गेले आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तेव्हा बघितलं, तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते. पापण्या थरथरत होत्या.

"अक्का, डोळे उगडा."

"तू आधी सांग. तुला दिसतंय का?"

"दिसतंय."

"गंमत करू नको."

"न्हाई करत अक्का. तुमच्या गळ्याची आन."

"उजाडलं असंल तर उगडते."

"उजाडलंय. ऊन तुमच्या तोंडावर हाय."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग मल्लिनाथकडं, मग उन्हाकडं, आणि हातानं पदराची सुई चाचपून काढली. पहिल्या खेपेला ओवली. ऐंशीच्या पुढची बाई! मग तिनं मल्लिनाथला हाक मारली.

"बिया कवळ्या भाजल्यास तू."

"काय?"

"ढोबळ्या मिरचीचा वास येतोय तिला. काल पयल्याच वासाला आलता, सांगायची हिंमत झाली न्हाई. कवळ्या बिया गार पान्यात बुडवल्या की असा वास सुटतो. अजून काळ्या कर. मग टाक."

मल्लिनाथनं कपाळावर हात मारला. "ढोबळी मिरची! तेच! तेच सापडत नव्हतं." खिशातला फोन काढून तो अंगणात गेला, मालकाला सांगितलं, बाटल्या भरू नका, टाकी ओतून द्या, मी परत बनवतो. परत आला आणि भीत भीत विचारलं, "अक्का, मिरचीचा वास काढला तर मग चांगली होईल का?"

मी श्वास धरला. अक्कानं त्याच्याकडं इतका वेळ बघितलं की तो खाली बघायला लागला. आजोबाचे नाक-डोळे आहेत म्हणतात त्याला.

"पिऊन ऱ्हातेत मानसं," ती म्हणाली. "दिसतंय त्यांना." आणि थोड्या वेळानं, "पन पयला पेला तू प्यायचा. तू पिऊन, एक रात झोपून, सकाळी सुई ओवायची. मग दुसऱ्याला द्यायचा. कबूल?"

"कबूल."

त्यानं ते पाळलं. त्याच्या कारखान्यातली पोरं हसतात म्हणे, पण टाकीतली बिअर बाटल्यांत भरायच्या आदल्या दिवशी मल्लिनाथसाहेब पहिला पेला स्वतः पितात आणि सकाळी टेबलावर बसून सुईत दोरा ओवतात.

अक्काला मी शेवटची बघितली ती त्याच्या पुढच्या वर्षी. माझा मुलगा मला पुण्याला न्यायला आला होता, गाडी दारात होती. आदल्या दिवशी सोमवार होता, मी पहिल्यांदाच एकटीनं कॉफी भाजली होती, तिच्या कढईत. दोन फुलपात्रं करून नेली. अक्का उंबऱ्यात. आता तिला चालवत नव्हतं, पण नाक जागेवर होतं. वास घेतला. प्याली. मान डावीकडं कलती झाली. मी मनातल्या मनात पुढचे दोन शब्द म्हणूनसुद्धा घेतले.

अक्का म्हणाली, "चांगली हाय."

म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. हात पदराकडं गेला. ती माझ्या तोंडाकडं, माझ्या डोळ्यांकडं बघायला लागली. तो शब्द तोंडातून निसटला तसा आता परत कसा घ्यावा, असं.

गाडीतून मुलगा हॉर्न वाजवत होता. मी तिच्या पदराची सुई काढून घेतली, चष्मा वर केला, उन्हाकडं धरली आणि पहिल्या खेपेला ओवली.

"दिसतंय अक्का," मी म्हटलं. "समदं दिसतंय."

तरी गाडी वळेपर्यंत ती उंबऱ्यातून बघत होती, माझ्याकडं नाही, मी कुणीकडं बघतेय त्याकडं.